एका घरातले दोन प्रवेश

जुलै 2024 मध्ये जालना जिल्ह्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेत एक शेतकरी पीककर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायला आले. सोबत बारावी झालेली मुलगी होती. तिच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी शैक्षणिक कर्ज मिळेल का, हेही त्यांना विचारायचं होतं. पण पीककर्जच अडलं. मोठ्या मुलाच्या शैक्षणिक कर्जाला वडील सहकर्जदार, सात हप्ते थकलेले, खातं केव्हाच एनपीए, म्हणजे थकीत कर्जांत गेलेलं. वसुलीची नोटीस त्यांनी टेबलावर ठेवली. "मॅडम, उचलले तीन लाख ऐंशी हजार. कागदावर सव्वापाच लाखांच्या वर. एवढं कसं झालं ते तरी सांगा."

शैक्षणिक कर्जाचं टेबल माझ्याकडे आहे. मुलाची फाईल काढून दोघांसमोर हिशेब मांडला. कर्ज चार लाखांच्या आतलं, म्हणून तारण नाही, मार्जिन म्हणजे स्वतःचा वाटाही नाही. 2018 पासून दरवर्षी 95,000 रुपये थेट कॉलेजला गेलेले. कॉलेज खासगी विनाअनुदानित, प्रवेश कॅप राउंडचा, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतला. त्या 95,000 मध्ये 80,000 शिक्षण शुल्क, बाकी विकास शुल्क आणि इतर. व्याजदर मध्ये खालीवर झाला होता, पण समजायला सोपं जावं म्हणून सरसकट साडेदहा टक्के धरला.

शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. लोक इथेच फसतात. हप्ता नसला तरी सरळव्याज चालूच असतं. पहिल्या वर्षीच्या 95,000 वर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, मग तीन, मग दोन. मिळून चौदा वर्षांचं व्याज, म्हणजे 1,39,650 रुपये. हप्ते सुरू होण्याच्या दिवशी ते मुद्दलात मिळवलं जातं आणि बाकी होते 5,19,650. दहा वर्षांच्या फेडीला महिन्याचा हप्ता सुमारे 7,012. पंधरा वर्षांची मुदत मागितली असती तर तो 5,744 वर आला असता, पण एकूण भरणा आठ लाख एक्केचाळीस हजारांऐवजी दहा लाख चौतीस हजारांच्या घरात गेला असता. मुलगा चाकणला ट्रेनी, पगार सोळा हजार. खोली आणि जेवण वजा जाता काय उरतं ते वेगळं सांगायला नको.

खरी गोष्ट यापुढची आहे. हे कर्ज एवढं व्हायलाच नको होतं.

कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत. अशा घरातल्या मुलाच्या तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या कर्जावर, शिक्षण अधिक एक वर्ष एवढ्या काळाचं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना 2009-10 पासून आहे. 2018 पासून कॉलेजला नॅकचं किंवा अभ्यासक्रमाला एनबीएचं, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन लागतं. या कॉलेजला ते होतं. पण फाईलमध्ये उत्पन्नाचा दाखला तलाठ्याचा. लागतो तहसीलदारांचा. तहसीलदारांचा दाखला घरात होता, महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अपलोडही केलेला होता, पण तो बँकेत द्यायला कुणी सांगितलंच नाही. हे व्याज मिळवायला बँकेने करायच्या दाव्याची मुदत दरवर्षी ठरलेली असते. ती गेली की मागचा दावा बसवणं फार अवघड. एका चुकीच्या कागदापायी एक लाख चाळीस हजार गेले.

दुसरी गोष्ट राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची. उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे निम्मं शिक्षण शुल्क शासनाचं. इथे वर्षाला 40,000. पण कॉलेजने प्रवेशाच्या वेळी पूर्ण फी मागितली, "पैसे आले की बघू" म्हणून, आणि बँकेने पूर्ण फी भरली. पुढे दोन वर्षांची रक्कम उशिरा मुलाच्या खात्यात आली आणि मेस आणि खोलीभाड्यात गेली. उरलेल्या दोन वर्षांचे अर्ज पोर्टलवर 'सेंड बॅक' होऊन पडले. त्रुटी दुरुस्त करून ते पुन्हा पाठवायचे असतात, हे मुलाला कळलंच नाही.

निम्मं शिक्षण शुल्क आधीच वजा झालं असतं तर हप्ते सुरू होताना बाकी 3,00,850 असती. व्याजाची सवलतही बसली असती तर 2,20,000. तोच मुलगा, तेच कॉलेज, तीच फी.

आणि शेजारी त्याची बहीण बसलेली. 8 जुलैचा शासन निर्णय नुकताच आला होता: कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यात नाहीत. तिचा अर्ज एसईबीसीतून होता. भावाच्या फीचेच आकडे धरले तर तिच्या चार वर्षांची गरज तीन लाख ऐंशी हजारांवरून साठ हजारांवर आली. वडील कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. "मग पोराच्या वेळी हे का नव्हतं?" असं त्यांनी विचारलं.

माझं मत स्पष्ट आहे. शासनाने फी भरायचं ठरवलंच आहे, तर ती प्रवेशाच्या दिवशी भरावी. पैसे मागाहून आले की शासनाच्या उशिराचं व्याज घर भरतं. आणि त्याच्याही पुढे जायला हवं. 1983 मध्ये वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, खेड्यापाड्यातली मुलं इंजिनिअर झाली, हे मान्य. पण खासगी फीची भरपाई करत राहण्यापेक्षा तोच पैसा शासकीय आणि अनुदानित जागा वाढवायला लावला तर फीच कमी राहील आणि दाखले, पोर्टल, दावे या फेऱ्यात मुलं अडकणार नाहीत. "शिकलेला कमावतो, त्याने फेडावं" असं बँकेतही म्हणतात. कमावणाऱ्याकडून आयकर घ्यावा. सोळा हजारांतून सात हजार कापून न्याय होत नाही.

त्या दिवशी हातात होतं तेवढं केलं. एक-दोन हप्ते भरून खातं एनपीएतून बाहेर येत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते. ते सुमारे पन्नास हजार मुलाने आणि चुलत्याने मिळून उभे केले, मग पीककर्ज मार्गी लागलं. मुलीला सांगितलं, प्रवेशाच्या वेळी फक्त विकास आणि इतर शुल्क भर. कॉलेजने शिक्षण शुल्क मागितलं तर मागणी लेखी घे आणि तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालक कार्यालयात तक्रार दे. महाडीबीटीचा अर्ज महिन्याला एकदा उघडून बघ. बँक खातं आधारशी नुसतं जोडलेलं चालत नाही, थेट लाभासाठी एनपीसीआय या राष्ट्रीय पेमेंट संस्थेकडेही त्याची नोंद लागते. ती आधी तपासून घे.

ज्यांचं शैक्षणिक कर्ज आज चालू आहे आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्यांनी या आठवड्यात शाखेत जाऊन एकच विचारावं: माझा व्याज अनुदानाचा दावा यंदा भरला का? तहसीलदारांच्या दाखल्याची प्रत देऊन पोच घ्यावी, आणि खातेउताऱ्यावर अनुदान जमा झाल्याची ओळ दिसेपर्यंत पिच्छा सोडू नये.