तुम्ही विचारलंत म्हणून: डी अँझा ते डेव्हिस

गणपतीची आरती झाली की हातात प्रसादाची वाटी असतानाच कोणीतरी विचारायचं, "मुलगा कुठे गेला?" मी म्हणायचो, "डी अँझा." म्हणजे मोठं विद्यापीठ नव्हे, दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. मग समोरून एक लांबलेलं "अच्छाऽऽ". दोन वर्षं तिथे काढून तो यूसी डेव्हिसला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसला, थेट तिसऱ्या वर्षाला गेला. आता शेवटच्या वर्षाला आहे, तर प्रश्न बदललाय: "नक्की किती वाचले हो?"

सांगतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टरच्या युनिटला (म्हणजे क्रेडिटला) 46 डॉलर. क्युपर्टिनोच्या डी अँझात सेमिस्टरऐवजी त्याहून छोटी सत्रं, म्हणजे क्वार्टर असतात, तिथे 31. दोन वर्षांचे 90 युनिट म्हणजे 2,790 डॉलर, वर पुस्तकं आणि किरकोळ फी. पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या पूर्णवेळ मुलांना अनेक कॉलेजं ही फीसुद्धा माफ करतात. यूसीची नुसती ट्यूशन आज वर्षाला 15,000च्या घरात आहे आणि राहण्याजेवणाचा खर्च त्याच्याही वर. म्हणजे फीत वाचले त्याहून जास्त घरच्या वरणभातात वाचले. ते त्याला गोड लागलं का? नाही. मित्रांचे डॉर्ममधले फोटो बघून पहिले दोन महिने तो जेवताना धड बोलत नव्हता. हा खर्च मी हिशेबात धरलाच नव्हता.

लाज मलाही वाटायची, खोटं कशाला बोलू. खरं तर मी स्वतः डिप्लोमावाला. दहावीनंतर पॉलिटेक्निक, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला. माझ्या डिग्रीवर डिप्लोमाचा उल्लेख नाही आणि नोकरीत आजवर कोणी विचारलंही नाही. याच्याही पदवीवर डेव्हिसचंच नाव येणार. तरी त्या "अच्छाऽऽ"नंतर मी घाईघाईने विषय बदलायचो.

जे खरंच कोणी विचारत नाही ते म्हणजे आखणी. ती उलटीकडून करावी लागते. आधी विद्यापीठ आणि विषय ठरवायचा, मग असिस्ट डॉट ऑर्ग या साइटवर बघायचं की आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स तिथल्या कुठल्या कोर्सऐवजी चालतो. आम्ही पहिल्या क्वार्टरला हे पाहिलंच नाही. त्याने आवडला म्हणून एक कोर्स घेतला. युनिट धरले गेले, पण मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, त्यांचा उपयोग शून्य. गणिताची साखळी एक क्वार्टर मागे पडली आणि ती भरून काढण्यात पुढचा उन्हाळा गेला. भारतवारी रद्द झाली, त्यावरून आईची बोलणी मी खाल्ली.

डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा यूसींत 'टॅग' चालतं: ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए (ग्रेडची सरासरी) असला की प्रवेशाची हमी. अर्ज सप्टेंबरमध्ये, आणि एकाच कॅम्पसला. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो यात नाहीत. गर्दीचे काही विषयही वगळलेले असतात. तेव्हा ज्या घरात "सीएसच, आणि तेही बर्कलीच" असं ठरलंय, त्यांनी हमीच्या भरवशावर या वाटेला येऊ नये. आलात तर जुगार आहे हे समजून या.

आणखी एक. युनिट बरोबर जातात, ग्रेड जात नाहीत. डी अँझातला जीपीए प्रवेशापुरता. डेव्हिसला पाटी कोरी. पहिल्याच क्वार्टरला, थेट तिसऱ्या वर्षाच्या मुलांत बसल्यावर, त्याचं तेच झालं जे माझं एम-थ्रीला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरला, झालं होतं. फक्त इथे केटी, म्हणजे राहिलेला विषय घेऊन पुढे जायची सोय, नसते.

पुण्याहून आतेबहिणीचा परवाच फोन आला. लेकीला असंच पाठवायचं म्हणते. तिला सांगितलं, स्टुडंट व्हिसावर येणाऱ्यांना 46चा दर लागत नाही, त्याच्या कित्येक पट पडतो. दोन वर्षांत वाचवायचं म्हटलं तरी मोठी रक्कम आणावी लागेल. आमच्याकडे खोली रिकामी आहे, राहण्याचं तेवढं वाचेल. लेकीशी बोलून कळवते म्हणाली.