डोंगर नाही, धबधबा नाही, मग पाइन बॅरन्सलाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच सांगते. न्यू जर्सीत नव्याने आलेली मराठी कुटुंबं, त्यातही ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत अशी, मला हमखास विचारतात, "सुट्टी मिळाली की तुम्ही त्या पाइन बॅरन्सच्या जंगलात काय पळता? तिथे ना डोंगर, ना धबधबा. बघायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. आपण राजगड, हरिश्चंद्रगडावर वाढलेली माणसं. ट्रेक म्हटला की चढ हवा, घाम हवा, वर पोचल्यावर समोर दरी हवी. म्हणून इथे आल्या आल्या लोक डेलावेअर वॉटर गॅपचा माउंट टॅमनी गाठतात. दीड हजार फुटांचा खडकाळ, दमवणारा डोंगर आहे आणि वरून दिसणारं नदीचं वळण खरंच देखणं आहे. पण होतं काय, आजी-आजोबा खाली पार्किंगमध्ये बसतात, पाच वर्षांचं पोर अर्ध्या वाटेत बाबाच्या खांद्यावर चढतं, आणि सहा जणांच्या सहलीत ट्रेक होतो दोघांचा. पाइन बॅरन्सची जमीन सपाट आहे आणि नेमकी म्हणूनच मला ती आवडते. तिथे अख्खं घर एकत्र चालू शकतं. गुडघे दुखणारी आजी, स्ट्रॉलरमधलं बाळ, मोबाइलवाचून कासावीस झालेला तेरा वर्षांचा मुलगा, सगळे.

आता 'बघायचं काय' याबद्दल. गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गावरून अटलांटिक सिटीला जाताना दोन्ही बाजूंना जी संपता संपत नाहीत ती खुरटी पाइनची झाडं तुम्ही पाहिली आहेत, तेच हे जंगल. १९७८ साली अमेरिकन काँग्रेसने त्याला देशातलं पहिलं 'नॅशनल रिझर्व्ह' केलं. सुमारे ११ लाख एकर, सात काउंट्यांमध्ये पसरलेलं, म्हणजे राज्याच्या एक पंचमांशाहून जास्त. आणि राज्य कोणतं, तर देशात सर्वांत दाट वस्तीचं! एका अंगाला न्यूयॉर्क, दुसऱ्या अंगाला फिलाडेल्फिया, आणि मधे एवढं जंगल उरलं कसं? वाळूमुळे. ही जमीन रेताड आणि आम्लधर्मी, गव्हा-मक्याला अगदी निकामी, त्यामुळे शेतकऱ्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली. नंतर धोके आलेच. फिलाडेल्फियाचे उद्योगपती जोसेफ व्हॉर्टन यांनी १८७६ पासून इथे जमिनी घेतल्या, इथलं पाणी फिलाडेल्फियाला विकायचं त्यांच्या मनात होतं. राज्याने पाणी बाहेर न्यायला मनाई केली आणि बेत फसला. १९६०च्या दशकात इथे अवाढव्य विमानतळ करायचं घाटत होतं. तेही टळलं. व्हॉर्टन यांची जमीन पुढे राज्याने विकत घेतली आणि आज तिथे व्हॉर्टन स्टेट फॉरेस्ट आहे.

व्हॉर्टनचा डोळा ज्या पाण्यावर होता, ते मुलांना सगळ्यात आधी दिसतं, कारण त्याचा रंग कोऱ्या चहासारखा असतो. "घाण आहे का गं?" हा पहिला प्रश्न ठरलेला. घाण नाही. काठच्या सीडरच्या झाडांतून आणि कुजलेल्या पाल्यातून उतरलेलं टॅनिन आणि वाळूतलं लोह यांचा तो रंग. ओंजळीत घेतलं तर पाणी स्वच्छ दिसतं. (पिऊ मात्र नका, घरून आणलेलंच प्या.) पायाखालच्या वाळूत भूजलाचा प्रचंड साठा आहे, अंदाजे १७ लाख कोटी गॅलन, आणि तो इतका उथळ आहे की ओढे, तळी, दलदल हे सगळं त्याचंच वर आलेलं रूप. पाण्यातलं हे लोह हवेशी संयोग पावून काठावर थरांनी साचतं. ते खणून, भट्टीत वितळवून बॅट्स्टो या गावात १७६६ पासून लोखंड करत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्याला इथून माल जात होता. गावातली जुनी घरं, गिरणी, मोठा वाडा अजून जपून ठेवलाय. इतिहासाची आवड असलेल्या आजोबांना तिथे सोडा आणि तुम्ही मुलांना घेऊन तळ्याच्या काठाने चालून या. सगळ्यांचा वेळ बरा जातो.

आमच्या घरात सर्वांत जास्त मतं पडतात ती व्हाइट्सबॉगला. ब्रेंडन बर्न स्टेट फॉरेस्टमधलं हे क्रॅनबेरी या लाल, आंबट फळाच्या मळ्यांचं जुनं गाव. इथे एलिझाबेथ व्हाइट नावाची मळेवाल्याची मुलगी होती. ब्लूबेरी तेव्हा फक्त रानात मिळायची. बागेत लावली की मरायची. फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधून काढलं की तिला आम्लधर्मी माती लागते. १९११ मध्ये त्याचं लेखन वाचून एलिझाबेथने त्याला कळवलं, आमच्याकडे या, जमीन आम्ही देतो. मग तिने रानात राहणाऱ्या लोकांच्या हातात मापाचं भोक पाडलेली पट्टी दिली. ज्या झुडपाचं फळ त्या भोकातून खाली पडणार नाही, ते झुडूप दाखवायचं आणि पैसे घ्यायचे. वर झुडपाला शोधणाऱ्याचं नाव! रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेलं झुडूप 'रुबेल' या नावाने आजही लावलं जातं. १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक इथून बाजारात गेलं. तुम्ही कॉस्टकोतून आणता त्या डब्याची मुळं या वाळूत आहेत, हे मुलांना सांगून बघा. रानातल्या माणसांना त्या काळी शहरी लोक अडाणी, आळशी म्हणून हिणवत. जातिवंत झुडपं ओळखणारे डोळे मात्र त्यांचेच होते. हे माझं आवडतं प्रकरण असल्यामुळे जरा लांबलं.

व्हाइट्सबॉगच्या वाटा म्हणजे बांध. क्रॅनबेरीची खाचरं, मधून बांध, पाणी अडवायला आणि सोडायला लाकडी फळ्यांची दारं. माझे सासरे कोकणातले, भातशेतीत हयात गेलेली. ते पाण्याच्या एका दाराशी उभे राहिले ते हलेचनात. कुठल्या ओढ्याचं पाणी कुठे वळवलंय याचा हिशेब लावत बसले आणि इंग्रजीचा शब्द न वापरता तिथल्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकाशी हातवाऱ्यांनी छान गप्पाही केल्या. ऑक्टोबरच्या सुमारास या भागात क्रॅनबेरीची काढणी चालते. खाचरात पाणी भरतात, यंत्राने घुसळून फळं वेलीपासून सोडवतात आणि पोटात हवेच्या पोकळ्या असल्यामुळे ती तरंगून वर येतात. लालभडक पाणी बघून मुलं चक्क गप्प होतात.

जंगलात काळी पडलेली खोडं दिसली की लोक हळहळतात. हळहळू नका. इथल्या पिच पाइनला आगीची भीती कमी आणि गरज जास्त. साल जाड, आणि होरपळलेल्या खोडातूनच हिरव्या सुयांचे झुबके फुटतात. काही झाडांचे शंकू तर राळेने इतके घट्ट बंद असतात की आगीची धग लागल्याशिवाय उघडून बी सोडत नाहीत. वारंवार जळणाऱ्या एका पट्ट्यात पूर्ण वाढलेली झाडं माणसाच्या उंचीची आहेत. तिथे आठ वर्षांच्या मुलालाही जंगलाचा शेंडा हाताला लागतो, आणि ती ऐट बघण्यासारखी असते. हिवाळा सरताना वनखात्याची माणसं मुद्दाम, आखून जाळ लावतात, पालापाचोळा आधीच जळून जावा म्हणून. तरी मोठे वणवे येतातच. जून २०२२ मध्ये व्हॉर्टनमध्ये १३ हजारांहून जास्त एकर जळालं, एप्रिल २०२५ मध्ये ओशन काउंटीत १५ हजारांच्या वर. म्हणून वसंतात कोरडा वारा सुटला असेल तर निघण्याआधी त्या दिवशीचा आगीचा इशारा बघा. शेगडी पेटवून कणसं भाजायचा बेत असेल तर तो घरच्या अंगणात करा.

बारीक बघायची सवय असेल तर दलदलीच्या कडेला घटपर्णी आणि दवबिंदू सापडतात. पुस्तकात वाचलेली कीटकभक्षी वनस्पती खरोखर माशी पकडून बसलेली पाहिली की मोबाइलवाला मुलगाही गुडघ्यावर बसतो. कासच्या पठारावर दवबिंदू पाहिलेला असेल तर ओळख लगेच पटेल. तोडू नका, उपटू तर मुळीच नका. आणि झोपायच्या वेळी सांगायला 'जर्सी डेव्हिल' आहेच. लीड्स घराण्यातलं तेरावं मूल जन्मताच पंख फुटून धुराड्यातून उडून गेलं, ती १७३५ सालची दंतकथा. आमच्याकडे ती जंगलात सांगायला बंदी आहे. परतताना गाडीत चालते.

आता सावधगिरीचं. इथलं खरं भूत म्हणजे गोचीड. उन्हाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये, मी मुलांना इथे आतल्या वाटांवर नेत नाही, हे स्पष्ट सांगते. गोचिडी, डास, चिगर नावाचे चावरे बारीक किडे, वर दमट उकाडा. त्या दिवसांत हॅमंटनकडे ब्लूबेरी तोडायला जावं नि परत यावं. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, पण तेव्हाही लाइम रोग पसरवणारी, पूर्ण वाढलेली गोचीड फिरत असते, त्यामुळे लांब पँट, मोज्यात खोचलेली, फिकट रंगाची. मोठ्यांच्या कपड्यांना आणि बुटांना आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवून ठेवा. वाटेच्या मधून चाला, गवतात बसकण मारू नका. घरी आल्यावर कानामागे, गुडघ्यामागे, केसांत, कमरेच्या पट्ट्याखाली तपासा, आणि कपडे दहा मिनिटं ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर फिरवा. लोन स्टार नावाची एक गोचीड चावल्यावर काहींना मटणाची ॲलर्जी होते. कोल्हापूरकरांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते, मग ते मोजे नीट खोचतात.

दुसरं, शरद आणि हिवाळ्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. बंदुकीच्या शिकारीला रविवारी जवळपास पूर्ण मनाई आहे, त्यामुळे मी रविवारच धरते, शिवाय मुलांना भगव्या टोप्या घालते. तिसरं, फोन जो वाळूचा जवळचा रस्ता दाखवतो त्याच्या नादी लागू नका. ती वाळू वरून घट्ट दिसते आणि चाकं गिळते. डांबरीवरूनच जा, आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा, कारण आत सिग्नल भरवशाचा नाही.

पहिल्यांदा निघणार असाल तर एकदम व्हॉर्टनला जाऊ नका. एडिसनहून तासाभरावर, पार्कवेला लागून, डबल ट्रबल नावाचं स्टेट पार्क आहे. जुनी लाकूड-गिरणी, क्रॅनबेरीचं पॅकिंग हाउस, सीडरची दलदल आणि दीडएक मैलांची गोल वाट, थोडक्यात सगळ्याची चव मिळते. ते आवडलं तर पुढच्या वेळी ब्रेंडन बर्नमधलं पाकिम पाँड. तिथे जाणाऱ्या क्रॅनबेरी ट्रेलवर व्हीलचेअरही जाते, तळ्याकाठी बाकं आहेत, आणि थालीपिठांचा डबा उघडायला जागाही छान. तिथूनच बटोना ट्रेलच्या गुलाबी खुणा जातात. ती वाट पन्नासहून जास्त मैल आहे, मुलं मोठी झाली की तुकड्यातुकड्याने करता येईल.

आणि एवढं सांगूनही कुणाला शिखर हवंच असेल, तर ॲपल पाय हिल आहे. उंची जेमतेम २०० फूट. वर आगीवर नजर ठेवायचा मनोरा आहे आणि वनखात्याचा माणूस हजर असेल तरच चढू देतात. हवा स्वच्छ असेल तर एकीकडे फिलाडेल्फिया आणि दुसरीकडे अटलांटिक सिटी दिसते, मधे नुसते पाइन. मनोरा बंद असला तर टेकडीवर काही दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते, नंतर मला फोन करू नका.