अफरवटवर खड्डा खणताना

गुलमर्गात दोन दिवस बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन. गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेत स्कीइंगला आलेल्या सगळ्यांचे चेहरे नरकचतुर्दशीला पहाटे उठलेल्या पोरांसारखे. दुसऱ्या टप्प्याला, अफरवट शिखराजवळ, उतरलो तर जवळजवळ ४,००० मीटर उंची. बूट आवळायला वाकलो तरी धाप लागत होती.

हद्दीच्या दोरीच्या आतला उतार स्की पेट्रोलवाले, म्हणजे गस्त घालणारे, सांभाळतात, बाहेर तुमचं तुम्ही. गाईडने एकेकाला आपल्यासमोरून चालायला लावून प्रत्येकाचा बीकन, म्हणजे गाडलं गेल्यास जागा कळवणारं यंत्र, तपासला. बर्फाखाली गाडलेल्या माणसासाठी पहिली पंधराएक मिनिटं मोलाची, तेवढ्यात खालून मदत पोचत नाही. शोधायचं आणि उकरायचं ते सोबत्यांनीच. पाठीवरच्या प्रोबचं (बर्फात खुपसून माणूस शोधायच्या लांब काठीचं) आणि फावड्याचं ओझं तेव्हापासून मी कुरकुर न करता वाहिलं.

अर्धा तास आडवं गेल्यावर तो उतार दिसला. कोरा, एकाही स्कीची रेघ नाही. मोजला तर ३६ अंश. पाटीसारखे थर बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावरच सुटतात, म्हणजे आम्ही नेमके मधोमध. शिवाय वाऱ्याने कड्यापलीकडचा बर्फ उडवून इथेच आणून टाकलेला.

त्याच दिशेच्या एका छोट्या, सौम्य उतारावर गाईडने छातीइतका खड्डा खणला. सरळ कापलेल्या भिंतीत थर दिसत होते. वरचा घट्ट; बोटाने दाबला तर करकरला. तळाशी मात्र हात घातला आणि मूठभर दाणे घरंगळून आले. मूठ आवळली, गोळा होईना. थेट जाडी साखर! चिल्लई कलानच्या, म्हणजे काश्मीरमधल्या ऐन कडाक्याच्या चाळीस दिवसांच्या, सुरुवातीला बर्फ पातळ होता आणि आभाळ निरभ्र. खाली जमीन त्यामानाने उबदार, वर कडाक्याची थंडी. अशा वेळी बर्फातली वाफ वर सरकते आणि कण टोकदार, सुटे होत जातात. त्या साखरेवर आता दोन दिवसांची फरशी बसली होती.

वरचा थर किती सहज सुटतो ते बघायला गाईडने बर्फाचा ३० सेंटिमीटरचा चौकोनी खांब मोकळा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं. मनगटातून दहा थापा, काही नाही. मग कोपरातून. चौथ्या थापेला वरचा ठोकळा टेबलाचा खण ओढावा तसा अलगद पुढे सरकून माझ्या मांडीवर आला. कापल्यासारखा गुळगुळीत.

‘‘सर, याच्यावर नाही.’’

खाली खिलनमर्ग दिसत होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये तिथे प्रशिक्षणावरचे १७ जवान हिमस्खलनात गेले. त्यांना पहाड शिकवायची गरज नव्हती, एवढंच मनात आलं.

आम्ही २५ अंशांच्या धारेवरून उतरलो. खरं सांगायचं तर कंटाळवाणं. वर, विमानाचं भाडं डोक्यात घुमत होतं.

संध्याकाळी हॉटेलच्या खिडकीतून दुर्बीण लावली. त्याच कोऱ्या उतारावर दोन वळणदार रेघा होत्या. कुणीतरी गेलं होतं, सुखरूप उतरलंही होतं. मी गाईडला दाखवलं. त्याने पाहिलं, दुर्बीण परत दिली आणि खारट नून चाय ओतून घेतला.