कळ कुठपर्यंत आली?

दोन वर्षांपूर्वीचा ऑगस्ट. डेंग्यू-लेप्टोचे दिवस, वॉर्ड तुडुंब भरलेला. खाटा तीस, आणि मधल्या वाटेत पार व्हरांड्याच्या दारापर्यंत गाद्या टाकून आणखी तेरा पेशंट. आम्ही त्यांना फ्लोअर बेड म्हणतो. नाइटला आम्ही दोघी स्टाफ आणि एक मावशी. रात्री अडीचला माझी जोडीदारीण एका पेशंटला घेऊन सीटी स्कॅनला गेली होती, मावशी ब्लड बँकेत. अकरा नंबरच्या आजींची उजवी बाजू गेलेली. त्या घसरत घसरत पलंगाच्या पायथ्याशी आल्या होत्या. मान उशीवरून खाली कलली होती आणि घशात घरघर सुरू झाली होती. सुनेला म्हटलं, "ताई, तुम्ही पाय धरा," आणि मी आजींच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढलं.

दोन खाटांच्या मध्ये जेमतेम दीड फूट जागा. माझे पाय भिंतीकडे, धड आजींकडे वळलेलं. आजी वर गेल्या, मान सरळ झाली, घरघर थांबली. माझ्या कंबरेत मात्र अशी चमक भरली की खाटेचा रॉड धरून मी मिनिटभर तशीच उभी राहिले. मग सहाची इंजेक्शनं, टीपीआर म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या नोंदी, शुगर सगळं उरकलं, सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर दिलं आणि स्कूटीवरून घरी आले. उसण भरली असेल, दोन दिवसांत जाईल असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी कंबर बरी वाटायला लागली आणि पाय सुरू झाला. डावा कुल्ला, मांडीची मागची बाजू, गुडघ्यामागची लवण, पोटरी, आणि तिथून पावलाच्या कडेने थेट करंगळीपर्यंत. ज्याला हे झालेलं नाही त्याला कसं सांगू? दुखतं म्हणावं तर तसं दुखणं नाही. तापलेली तार कुणी आतून ओढतंय असं वाटतं, आणि शिंक आली की त्या तारेला झटका बसतो. शिंक येणार असं वाटलं की मी आधी भिंत शोधायचे.

एकोणीस वर्षं स्टाफ नर्स म्हणून काम करते आहे. सायटिकाचे, म्हणजे नस दाबली जाऊन अशी कळ पायात उतरणारे किती पेशंट पाहिले, त्यांना दुखणं कमी करणाऱ्या डायक्लोफेनॅकची किती इंजेक्शनं दिली, हिशेब नाही. पण बेडपॅन घेताना ती माणसं का रडतात ते मला त्या आठवड्यात कळलं. आमच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे. उकिडवं बसणं अशक्य झालं. ह्यांनी बाजारातून कमोडची खुर्ची आणली, तेव्हा कुठे सकाळ निभायला लागली.

सासूबाईंना हे पाहवत नव्हतं. गल्लीतला एक मुलगा पायाळू आहे, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. आमच्याकडे मानतात की पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते. त्यांनी त्याला बोलावून आणलं. बारावीतलं पोर, लाजतच आलं. "काकू, लागलं तर सांगा हं," म्हणत त्याने तीनदा माझ्या कंबरेला हळूच पाऊल टेकवलं. कळ गेली नाही. पण त्या माउलीने नंतर निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून रोज रात्री शेक दिला, आणि त्या ऊबेने स्नायू सैल पडून मला दोन-तीन तास झोप लागायची. ते उपकार मी विसरणार नाही.

ऑर्थोच्या सरांनी उताणं झोपवून पाय सरळ ठेवून वर उचलला. चाळीस अंशांच्या आसपासच मी ओरडले. मग म्हणाले, चवड्यावर उभ्या राहा. उजव्या पायावर जमलं, डाव्यावर टाच उचलेचना. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तर डावं पाऊल हललंसुद्धा नाही. एमआरआयच्या आधीच ते म्हणाले, "एस-वन आहे." पुढे रिपोर्टमध्ये तेच आलं: शेवटचा मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्यामधली गादी डावीकडे बाहेर आली होती आणि तिथली एस-वन नावाची नस दाबत होती.

आपल्याकडे याला "गॅप आलाय" किंवा "गादी सरकली" म्हणतात, आणि त्या शब्दांनीच माणूस निम्मा खचतो. गादी आपल्या जागेवरच असते. तिच्या बाहेरच्या चिवट कड्याला चीर पडते आणि आतला मऊ गर तिथून फुगून बाहेर येतो. तो गर नसेवर दाब देतो, शिवाय नसेभोवती दाहही होतो. बहुतेकांमध्ये शरीर हळूहळू तो गर शोषून घेतं आणि काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत कळ ओसरते. हे मला शिकवलेलं होतं, पाठ होतं. तरी रिपोर्ट हातात आल्यावर मी रिक्षात बसून रडले. पोरीच्या फीचे हप्ते चालू होते, घराचं कर्ज होतं. नोकरी उभं राहण्याची, आणि पाय उभा राहू देत नव्हता.

रिपोर्ट वाचून घाबरणाऱ्या प्रत्येकाला मी आता एक गोष्ट सांगते. २०१५ साली, काहीही दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के. म्हणजे झीज दिसते म्हणून दुखतंच असं नाही. फोटो आणि पाय दोन्ही जुळले तरच त्याला अर्थ.

रात्रीसाठी प्रीगाबालिन, म्हणजे नसेच्या दुखण्यावरची गोळी, दिली होती. चौथ्या दिवशी सकाळी गॅसजवळ उभी असताना डोळे मिटले, तवा हाताला लागला. या डोळ्यांनी मी इन्सुलिन भरणार होते. सरांना स्पष्ट सांगितलं, त्यांनी डोस उतरवत गोळी बंद केली. पुढे वाचलं की २०१७ साली सिडनीत २०९ पेशंटवर याची चाचणी झाली होती आणि सायटिकाच्या पायदुखीत ही गोळी बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती. तुम्हाला चालू असेल तर आपल्या मनाने एकदम थांबवू नका, त्यानेही त्रास होतो. डॉक्टरांशी बोला.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते, कारण ती अंगावर काढलेल्या बाया मी वॉर्डात पाहिल्यात. लघवी अडली, किंवा कळेनाशी झाली, मांड्यांच्या मध्ये बसायची जागा बधिर वाटली, दोन्ही पायांत जोर कमी झाला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा. उद्या सकाळची वाट पाहू नका. पाऊल लुळं पडून चालताना घासायला लागलं तरी तेच.

फिजिओथेरपीची मुलगी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "सिस्टर, कळ कुठपर्यंत जाते?" मी करंगळी दाखवली. तिने पालथं झोपवलं, कोपरांवर उठवलं, मग तळहातांवर, शाळेत भुजंगासन करायचो तसं. दहा वेळा. कंबर दुखली. ती म्हणाली, "कंबर दुखू दे. पाय काय म्हणतो?" पाय थोडा कमी म्हणत होता. तिने समजावलं, कळ पावलातून पोटरीत, पोटरीतून मांडीत अशी वर सरकत कंबरेकडे परतायला लागली की गाडी रुळावर आहे, मग कंबर जरा जास्त दुखली तरी चालेल. उलट एखाद्या व्यायामाने कळ खाली उतरली तर तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

मी वॉर्डातल्या टीपीआर चार्टसारखा चार्ट आखला. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट असे तीन रकाने आणि त्यात एकच शब्द: करंगळी, पोटरी, लवण, मांडी, कुल्ला. पहिले अकरा दिवस करंगळी, करंगळी, करंगळी. बाराव्या दिवशी सकाळच्या रकान्यात पोटरी लिहिलं आणि ह्यांना हाक मारून दाखवलं. गणपतीत पुन्हा करंगळी, कारण गौरीच्या जेवणाला आग्रहाने पाटावर बसले, वाकून बसले. मग पुन्हा वर. सहाव्या आठवड्यात मांडी. रोज चालत होते, आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग देवळापर्यंत. पडून राहिले त्या दिवसांत चार्ट खालीच उतरलेला दिसतो.

रजा संपत आली तेव्हा हलक्या ड्यूटीसाठी अर्ज घेऊन ऑफिसात गेले. टेबलामागून उत्तर आलं, "कंबर सगळ्यांचीच दुखते, सिस्टर." ते फार लागलं, कारण खरंच होतं. त्या महिन्यात आमच्या वॉर्डाच्या रोस्टरवर नऊ जणी होतो आणि पाच जणींच्या बॅगेत कमरेचा पट्टा होता. सगळ्यांची दुखते म्हणून एकीचीही विचारायची नाही, हे मला अजून पटत नाही. इनचार्ज सिस्टर माझ्यासाठी भांडल्या आणि ओपीडीच्या इंजेक्शन रूमला तीन महिने मिळाले.

तिथे उभी असताना मला सारखी आठवण यायची ती मी नवीन लागले तेव्हाच्या आमच्या थोरल्या सिस्टरांची. पेशंट शिफ्ट करायची वेळ आली की त्या म्हणायच्या, "तू हो पुढे, मी मामांना बोलावते." खुर्चीतून उठताना भिंतीला हात लावायच्या. आम्ही पोरी आपापसात म्हणायचो, बाई कामचुकार आहेत. डाव्या पायावर भार न देता त्या औषधाच्या ट्रॉलीला टेकून उभ्या असायच्या, ते मला आता डोळ्यांसमोर दिसतं. निवृत्त होऊन गावी गेल्या. मी फोन केला, झालं ते सांगितलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अगं, तेव्हा सांगितलं असतं तरी कळलं नसतं तुम्हाला. गरम पाण्याची पिशवी घे बाई." आणि मग पेशंट कसे आहेत, वॉर्डाला नवीन खाटा आल्या का, हेच विचारत राहिल्या.

अमेरिकेत कामाच्या जागेची सुरक्षितता अभ्यासणाऱ्यांनी २००७ साली सांगितलंय की माणसाने हातांनी पेशंट उचलायचा तर मर्यादा ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो. त्यापुढे यंत्र वापरा. आमच्या अकरा नंबरच्या आजी ५२ किलोंच्या होत्या. घरचा भरलेला गॅस सिलिंडर तीसेक किलोंचा असतो, त्याला धरायला कडं असतं आणि तो मध्येच घाबरून तुमच्या गळ्याला मिठी मारत नाही. तरी सिलिंडर उचलताना आपण दुसऱ्याला हाक मारतो.

उचलायचं यंत्र आमच्याकडे नाही. जे आहे त्यात करतो. खाटेचे ब्रेक आधी पायाने दाबून पाहायचे. हँडल फिरवून डोक्याकडची बाजू सपाट करायची, म्हणजे चढावर ओढावं लागत नाही. पेशंटचा चांगला पाय गुडघ्यात दुमडून घ्यायचा आणि त्यांनाच सांगायचं, "आजी, टाच रोवा." ड्रॉ शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर, दोन्ही बाजूंनी गुंडाळत पार पेशंटच्या अंगाला भिडेपर्यंत आणायची, मुठी तिथे घट्ट, पाय फाकवून एक पाऊल पुढे, आणि हातांनी ओढण्याऐवजी अंगाचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर टाकायचा. नवीन गाद्या आल्या तेव्हा त्यांची जाड प्लास्टिकची वेष्टणं मी फेकू दिली नाहीत. एक पिशवी दुहेरी घालून ड्रॉ शीटखाली सरकवली की तिचे दोन थर एकमेकांवरून घसरतात आणि पेशंट अक्षरशः तरंगत वर जातो. पहिल्यांदा केलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगं बाई, लोण्यावानी गेली!" काम झालं की पिशवी लगेच काढायची, नाहीतर पेशंट घसरतो आणि पाठीला घामही येतो.

फ्लोअर बेडला मात्र यातलं काही लागू पडत नाही. तिथे मी कंबरेत वाकणं सोडलं. एक गुडघा जमिनीला टेकवून बसते, सलाईनचं सामान शेजारी ट्रेमध्ये आधीच मांडते, आणि उठताना हात गुडघ्यावर ठेवते. युनिफॉर्मचा गुडघा मळतो. दोन्ही गुडघ्यांवर आतून जाड कापड शिवून घेतलंय.

जानेवारीत मी वॉर्डात परतले. चार्टमधला शेवटचा शब्द "कुल्ला" आहे, त्यानंतर रकाने कोरे आहेत. टाच आता उचलते, डाव्या पायावर ओळीने दहा वेळा. करंगळी बधिर राहिली आहे. चप्पल निसटली तर कळत नाही, म्हणून मागे पट्टा असलेले सँडल घालते. सरांनी सांगितलं की ती कदाचित अशीच राहील.

मागच्या आठवड्यात इव्हिनिंगला नवीन लागलेली एक मुलगी सात नंबरच्या पेशंटच्या काखेत एकटीच हात घालत होती. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून ओरडले, इतक्या मोठ्याने की नातेवाईक वळून पाहायला लागले. बिचारी घाबरली. मी जवळ गेले, समोरच्या बाजूने ड्रॉ शीट गुंडाळली आणि म्हटलं, "मी तीन म्हणेपर्यंत हलायचं नाही." तिच्या मुठी शीटच्या टोकाला होत्या, त्या धरून आत सरकवल्या.

सोमवारपासून माझी नाइट आहे. रोस्टर पाहिलं, जोडीला तीच आहे.