उचललेल्या जिप्सीची थरथर कशी गेली: माझा अनुभव

माझ्याकडची मारुती जिप्सी सेकंडहँड आहे आणि घेतली तीच उचललेली, म्हणजे जमिनीपासून उंच केलेली. आधीच्या मालकाने शॅकल (पाट्याचं टोक चासीला लटकवणाऱ्या पट्ट्या) मूळच्यापेक्षा 50 एमएम लांब टाकलेले, पाट्यांना जादा कमान मारून घेतलेली आणि 215/75 आर 15 चे एमटी (चिखलाचे, मड टेरेन) टायर. टायर सोडून दोन इंच उंची वाढलेली. शॅकल जेवढा लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते बरं का, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं, म्हणजे 50 एमएमच्या शॅकलमधून एक इंच आणि उरलेला एक इंच कमानीतून. हे नीट लक्षात ठेवा कारण पुढची बरीच भानगड ह्या एकाच टोकामुळे आहे.

गगनबावड्याच्या रस्त्याला, कच्च्यात, चिखलात गाडी एक नंबर. पण कोल्हापुरातून कागलकडे हायवेला लागलं आणि 60 च्या पुढं गेलं की खालून बारीक गुणगुण सुरू व्हायची, 65-70 ला आतला आरसा एवढा थरथरायचा की मागं ट्रक आहे का एसटी तेच कळायचं नाही, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की अजून वाढायचं. दुसरा त्रास स्टिअरिंगचा. सरळ रस्त्यावर गाडी आपली कधी इकडं कधी तिकडं, आणि वळण घेऊन हात सैल सोडला तर स्टिअरिंग स्वतःहून परत यायचं नावच नाही.

ज्याला सांगावं तो म्हणणार टायर. एमटी आहेत, आवाज करणारच, बॅलन्सिंग करून घे. करून घेतलं, परत करून घेतलं, वजनं चिकटवून रिम भरली. मग मित्राच्या जिप्सीची स्टॉक चाकं एक दिवस लावून बघितली, तरी थरथर तीच. म्हणजे चाकाचा विषयच नाही. एक सोपी टेस्ट कुणीही करू शकतं, 65 ला पाचव्यात चालवायचं आणि मग त्याच स्पीडला चौथ्यात. इंजिनचे आरपीएम बदलले तरी थरथर तशीच राहिली, म्हणजे इंजिन, क्लच सुटले, दोष गिअरबॉक्सच्या मागं कुठंतरी आहे.

आमचे मिस्त्री जुने आहेत, उद्यमनगरात हयात गेलेली. ते म्हणाले, "दादा, पुढचा शाफ्ट काढून टाकू आणि तुम्ही एक चक्कर मारून या." 2H मध्ये, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांवर चालवताना, पुढच्या चाकांना ताकद नेणाऱ्या ह्या शाफ्टची गरज नसते, पण हबला फ्री-व्हील (चाक शाफ्टपासून सोडवणारी कळ) नसेल तर तो उगाच फिरत राहतो आणि थरथर त्याची का मागच्याची हे कळत नाही. शाफ्ट काढून कागलपर्यंत गेलो, थोडा फरक पडला पण मुख्य थरथर होतीच. म्हणजे मागचा शाफ्ट.

आता इथं बहुतेक लोक शाफ्ट काढून बॅलन्सिंगला देतात. मी त्याआधी फोनमधलं व्हायब्रेशन मोजायचं अ‍ॅप सीटच्या मधोमध ठेवून बघितलं आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात ह्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. हिशोब असा, ह्या टायरचा घेर साधारण 2.2 मीटर, 65 च्या स्पीडला चाक सेकंदाला आठ-सव्वाआठ वेळा फिरतं, क्राऊन-पिनियनचा (शाफ्टची फिरकी एक्सलमध्ये चाकांकडे वळवणारे गिअर) रेशो चारच्या जवळपास धरला तर शाफ्ट सेकंदाला 32-33 वेळा. शाफ्ट बॅलन्सला नसेल तर धक्का एका फेऱ्याला एकदा, म्हणजे 33 हर्ट्झच्या आसपास. पण क्रॉस जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा, वाकून फिरणारा सांधा) वाकड्या अँगलला चालत असेल तर एका फेऱ्यात तो शाफ्टला दोनदा पुढं ढकलतो आणि दोनदा मागं खेचतो, तेव्हा धक्का दुप्पट, 65 च्या घरात. अ‍ॅपवर टोक दिसलं ते 65 ला. बॅलन्सिंगचे पैसे तिथंच वाचले.

ह्या दोन धक्क्यांचा नियम साधा आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकाला क्रॉस आहेत, पुढच्या क्रॉसने केलेला वेडेपणा मागच्या क्रॉसने उलटा करून मिटवायचा असतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, शाफ्टच्या दोन्ही टोकाचे कान, म्हणजे क्रॉस धरणारे हात, एका रेषेत पाहिजेत आणि दोन्ही क्रॉसचे अँगल सारखे पाहिजेत. आमच्या गाडीत दोन्हीची बोंब.

खड्ड्यात उतरून बॅटरी मारली तर कान एका रेषेत नाहीतच. गाडी उचलली की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणारा डबा) आणि डिफ (एक्सलमधला क्राऊन-पिनियनचा डबा) ह्यांच्यामधलं अंतर वाढतं, शाफ्टची स्प्लाइन (आत-बाहेर सरकणारा दातेरी जोड) बाहेर निघते, म्हणून फ्लँजला, म्हणजे जोडाच्या तबकडीला, स्पेसर टाकायचा असतो. तो टाकताना आधी कुणीतरी शाफ्ट उघडला असणार आणि स्प्लाइन परत घालताना दात चुकला. मिस्त्री म्हणाले, "उघडायच्या आधी छिन्नीने दोन टिंब मारायला काय होतंय ह्यांना." दात नीट बसवला, एका क्रॉसच्या कपात लाल भुकटी निघाली म्हणून दोन्ही क्रॉस नवे घातले, ग्रीस मारलं. निम्म्याहून जास्त थरथर त्याच दिवशी गेली.

उरलेली अँगलची. इथं एक सांगतो, गाडी दोन खांबी लिफ्टवर चढवून, चाकं लोंबकळत ठेवून अँगल मोजणारा भेटला तर तिथून निघा. गाडी स्वतःच्या वजनावर, चारी चाकं सपाट जमिनीवर टेकलेली, तेव्हाच खरा अँगल मिळतो. चुंबकवालं डिजिटल अँगल गेज घेतलं, ट्रान्सफर केसची फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनची फ्लँज तिन्हीचं मोजलं. पुढच्या क्रॉसला 9 डिग्री, मागच्या क्रॉसला 6. फरक तीन डिग्रीचा, आणि चालतो फार तर एक डिग्री. कारण तेच, मागचा शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला आहे, तो लांब झाला की ते टोक खाली जातं, एक्सल फिरतो आणि पिनियनचं नाक वर येतं.

उपाय म्हणजे पाटा आणि एक्सलच्या मध्ये पाचर, खाट हलायला लागली की पायाखाली घालतो तशीच. ओढ्यावरच्या मिलिंगवाल्याकडून साडेतीन डिग्रीच्या पाचरी करून घेतल्या, लोखंडाच्या, अॅल्युमिनियमच्या नको म्हटलं कारण त्या चिरडतात, फुटतात. जिप्सीचा पाटा एक्सलच्या खाली असतो म्हणून जाड बाजू मागं, म्हणजे पिनियनचं नाक खाली येतं. सेंटर बोल्ट पाचरीच्या जाडीएवढा जास्त लांब घ्यावा लागतो, नाहीतर त्याचं डोकं एक्सलच्या भोकात बसत नाही आणि एक्सल सरकतो. यू बोल्ट पण नवे.

ट्रान्सफर केस पण 12 एमएम स्पेसर टाकून खाली घेतला. इथं लोभ करू नका. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा लटकलेला असतो आणि मध्ये एक छोटा शाफ्ट असतो, केस जास्त खाली घेतला की मागच्या शाफ्टचा अँगल सुधारतो पण ह्या छोट्याचा बिघडतो, आणि तो एवढा आखूड आहे की लगेच ओरडायला लागतो. केसचे रबर माउंट पण बदलले, जुने दाबून पापड झालेले. शेवटी पुढं 8 आणि मागं साडेआठ. मागचा अर्धा डिग्री मुद्दाम जास्त ठेवलाय, कारण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पाटा पिळतो आणि पिनियन थोडं वर येतं. पुस्तकात तीन डिग्रीच्या आत ठेवा म्हणतात, पण एवढ्या आखूड गाडीला दोन इंच उचलल्यावर ते विसरा, दोन्ही सारखे झाले तरी बास.

मग स्टिअरिंग. पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला, त्यामुळे तिथं एक्सल उलटा फिरतो आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागं कललेला कोन, त्यानेच स्टिअरिंग परत सरळ येतं) जातो. मशीनवर लावली तर कॅस्टर जेमतेम पाऊण डिग्री, मूळचा तीन-साडेतीनच्या घरात. गाडी दोन्ही बाजूंना का पळत होती ते कळलं. पुढं अडीच डिग्रीच्या पाचरी, जाड बाजू पुढं. अलाइनमेंटवाल्या पोराने स्टिअरिंग वाकडं दिसतंय म्हणून थेट टाय रॉडला (पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा) पाना लावला, त्याला थांबवलं. गाडी उचलली की ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा दांडा) तिरकी होते आणि स्टिअरिंग वाकडं तिच्यामुळे होतं. आधी टाय रॉडवर टो (पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलेली) बसवायचा, मी आत 3 एमएम ठेवला, आणि मग ड्रॅग लिंक फिरवून स्टिअरिंग सरळ करायचं. टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ केलं तर टो बिघडतो आणि टायर कडेने खातात. आणि हे सगळं पाचरी घातल्यानंतर, कारण कॅस्टर बदलला की आधीची अलाइनमेंट पाण्यात.

आता 80 ला आरशात मागच्या गाडीची नंबर प्लेट वाचता येते. 90 ला हलकी गुणगुण आहे, ती राहणार, 8 डिग्री म्हणजे 8 डिग्री. तिरक्या ड्रॅग लिंकमुळे मोठ्या खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं, दोन इंचाला तेवढं चालतं, तीन इंच उचलणाऱ्याने पिटमन आर्मचं (ड्रॅग लिंक ओढणारा स्टिअरिंग बॉक्सचा हात) आधी बघावं. ब्रेकचे होज पण चाक पूर्ण खाली सोडून बघा, ताणले जात असतील तर लांब घ्या. आणि कायद्याचं बोलायचं तर गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 ला सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं म्हटलंय, तेव्हा करायचं ते हे माहीत असून करा.

यू बोल्ट काहीशे किलोमीटर चालल्यावर परत आवळले, चांगलाच अर्धा फेरा बसला. एक काम उरलंय, पुढच्या पाचरीने कॅस्टर आला पण पुढचं पिनियन खाली झुकलं, त्यामुळे तो शाफ्ट आता जास्त वाकडा चालतो. 4H मध्ये (चारी चाकांना ताकद) चिखलात कळत नाही, पण 2H मध्ये उगाच फिरतोय म्हणून फ्री-व्हील हब शोधतोय, तोवर हायवेला लांब जायचं असेल तर मिस्त्री तो शाफ्टच काढून मागं टाकून देतात.