ताक्याला साइज नसते

३१ मार्चच्या रात्री शटर अर्धं ओढून आम्ही माल मोजतो. मी, बायको, दुकानातली दोन पोरं आणि माझ्याही आधीपासून गादीवर असलेले मामा. मामा रॅकवरून काढत जातात, बायको वहीत मांडते. शेवटी जे गाठोडं उरतं त्यात काय असणार, हे आता न उघडता सांगता येतं. अठ्ठावीस आणि चाळीस कमरेच्या जीन्स, एकदम बारीक नाहीतर एकदम जाड माणसाचे शर्ट, आणि 'यंदा हाच चालणार' म्हणून मी हौसेनं भरलेला एखादा रंग. बत्तीस-चौतीस कधी उरत नाही. आमच्या साठ वर्षांचा हिशेब मला तरी त्या गाठोड्यातच दिसतो.

आजोबांनी बार्शीत दुकान टाकलं १९६६ साली. गिऱ्हाईक निम्मं बार्शी तालुक्यातलं, निम्मं भूम, परांडा, कळंबकडचं. माल सोलापूरहून यायचा, किंवा मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटातून. मुंबईच्या गाठी कुर्डुवाडीला उतरायच्या आणि तिथून नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं बार्शीत. मांजरपाट, धोतरं, लुगडी, खण आणि शर्टिंगचे ताके, म्हणजे न कापलेल्या कापडाचे अख्खे गठ्ठे. दुकानात ना हँगर ना आरसा. गादी, मापाचा लोखंडी गज आणि कात्री एवढंच सामान.

ताक्याची गंमत अशी की तो शेवटपर्यंत विकला जातो. पाऊण मीटर उरलं की झंपर, अर्धा मीटर उरलं की पोराची चड्डी, त्याहून कमी असेल तर म्हातारी गोधडीला घेऊन जायची. उंदरानं कुरतडलं आणि कसर लागली तेवढंच काय ते नुकसान. माप घ्यायचं काम शिंप्याचं. गिऱ्हाईक जाड की बारीक, याच्याशी दुकानदाराचा संबंधच नव्हता.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्या संपावर गेल्या तेव्हा वडील, म्हणजे दादा, नुकतेच गल्ल्यावर बसायला लागले होते. आमचं गिऱ्हाईक ताक्याच्या काठावरचा मिलचा शिक्का बघून कापड घ्यायचं. शिक्क्याचा माल मिळेनासा झाला. दादा एसटीनं इचलकरंजीला गेले, भिवंडीला गेले आणि यंत्रमागाचा माल घेऊन आले. सुरतेची सिंथेटिक साडीही त्याच सुमाराला आमच्याकडे शिरली. दोन वर्षं लोक काठ उलटून बघायचे, मग तेही सोडलं. अडीच लाख कामगारांचा तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही, असं दादा सांगतात. आमच्यासाठी तो संपला ज्या दिवशी गिऱ्हाइकानं शिक्का विचारायचं बंद केलं त्या दिवशी.

नव्वदच्या दशकात रेडिमेड आलं आणि खरा फरक तिथं पडला. उल्हासनगरच्या जीन्स, तिरुपूरचे टी-शर्ट, कोलकात्याचे लहान मुलांचे कपडे, लुधियानाचे स्वेटर. विक्री वाढली, दुकान झळकायला लागलं, ओट्यावर बसणारा शिंपी उठून गेला. दादा खूश होते. पण शिंप्याबरोबर मापाची जोखीमही आमच्या रॅकवर येऊन बसली, हे कळायला आम्हाला वीस वर्षं लागली.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही, म्हणून आकडेच मांडतो. शर्टाचा सेट बारा नगांचा: तीन रंग, प्रत्येकी चार साइज. चारशेला एक पडला, पाचशे साठला विकला. सेट घरात आला ४,८०० रुपयांना. आठ शर्ट विकले की हातात ४,४८०. म्हणजे नववा शर्ट जाईपर्यंत भांडवलही सुटत नाही. भाडं, लाइट, पगार वेगळेच. आणि सात-आठ गेले की सेट फुटलेला असतो. गिऱ्हाईक विचारतं, 'ह्यातच निळा एल आहे का?' तेवढा एकच नसतो. मोठी साखळी दुकानं सोलापुरात न खपलेला शर्ट नागपूरला पाठवू शकतात. आमचा न खपलेला शर्ट खालच्या रॅकवरून वरच्या रॅकवर जातो.

मी हे शिकण्याआधी एक शहाणपणा केला. २०११ ला एका नावाजलेल्या ब्रँडची फ्रँचायझी घेतली. डिपॉझिट आमचं, फर्निचर त्यांच्या डिझाइनचं पण आमच्या खर्चानं, आणि माल कोणता हे ते ठरवणार. त्यांनी ऐन वैशाखात फुल बाह्यांची जाकिटं पाठवली. बार्शीचं ऊन त्यांच्या कॉम्प्युटरला दिसत नसावं. सव्वीस महिन्यांत बंद केलं. डिपॉझिट कापून-कुपून परत आलं. फर्निचर अजून वापरतोय; काच तेवढी खरंच चांगली होती.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या तेव्हा तुळशीचं लग्न तोंडावर होतं, म्हणजे बस्त्यांचा, लग्नाच्या कापडखरेदीचा हंगाम. आम्ही वहीत नावं लिहून माल दिला. बहुतेक उधारी आली. राहिली ती मुख्यतः नातेवाइकांची.

जीएसटीबद्दल मी फार तक्रार करणार नाही, पण सवय नव्हती हे खरं. १९५७ पासून कापडावर विक्रीकराऐवजी केंद्राची जादा अबकारी होती. ती उत्पादनाच्या ठिकाणीच वसूल व्हायची, दुकानदारापर्यंत यायचीच नाही. १ जुलै २०१७ ला आमच्या मांजरपाटालासुद्धा कोड नंबर मिळाला. सुरतेचे व्यापारी त्या महिन्यात बंदवर गेले आणि आमच्या राखीपौर्णिमेच्या साड्या तिकडेच अडकल्या. कापडावर पाच टक्के, तयार कपड्यावर हजारापर्यंत पाच आणि पुढे बारा. त्यामुळे बाजारातला निम्मा शर्ट एका रात्रीत ९९९ चा झाला. १ जानेवारी २०२२ पासून सगळ्यालाच बारा टक्के लागणार होते, ते आदल्या दिवशी थांबलं. आम्ही नवी लेबलं छापून बसलो होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांची मर्यादा अडीच हजारांवर गेली, पण त्यावरच्या तयार कपड्याला अठरा. नवरदेवाची शेरवानी अठरात. साडी मात्र कितीही किमतीची असो, ती शिवलेली नाही, कापडच, म्हणून पाचच. साडीला साइज नाही आणि स्लॅबही नाही.

लॉकडाउनचा पहिला दिवस २५ मार्च २०२०, गुढीपाडवा. पाडवा आणि लग्नसराईचा बावीस लाखांचा माल आत, आम्ही घरात. २०२१ च्या एप्रिलात पुन्हा तेच. सगळं सुरळीत झाल्यावर त्या मालातल्या साड्या जवळजवळ पूर्ण किमतीला गेल्या. कुर्त्यांची फॅशन उलटली होती. त्या एका हातगाडीवाल्यानं किलोवर नेल्या. तराजूत कुर्त्या बघताना दादा आत निघून गेले. मी थांबलो, कारण वजन बघायला कुणीतरी हवं होतं.

त्यानंतर मी पुण्याला जाऊन टाटांच्या झुडिओत दोन तास नुसता उभा राहिलो. सगळा माल स्वतःच्या नावाचा, जवळजवळ सगळं हजाराच्या आत, ऑनलाइन विक्री नाही, आणि कॉलेजच्या पोरांच्या हातात टोपल्या. त्या भावात तसा माल मला शिवूनही मिळणार नाही. राग नाही आला, उलट सुटल्यासारखं वाटलं. दुसरीकडे फोनवरची खरेदी आहेच. बायको म्हणते, आपल्या ट्रायल रूममध्ये हल्ली फोनवरच्या कपड्यांचं माप ठरतं.

मग आम्ही मुलींचं फॅशनचं रेडिमेड बंद केलं, पुरुषांचं रॅकच्या चार खणांवर आणलं, आणि वरचा अख्खा मजला बस्त्याला दिला. दादांना हे पुढे जाणं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

तेवढ्यात २०२४ चा मार्च आला. आयकराच्या तेव्हाच्या ४३ बी (एच) कलमानं लघुउत्पादकाचं बिल करार असेल तर ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकवायचं. मुदत उलटून ३१ मार्चला बाकी राहिलं तर त्या वर्षी तो खर्चच धरला जात नाही. कापडबाजार पिढ्यान्‌पिढ्या नव्वद दिवसांच्या उधारीवर चालत आलेला. त्या मार्चात व्यापाऱ्यांनी माल परत पाठवला, ऑर्डरी थांबवल्या. कायदा चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आम्ही सगळेच कारखानदाराच्या पैशांवर दुकानं चालवत होतो. पण आमच्या गिऱ्हाइकाकडे सोयाबीन विकल्यावरच पैसे येतात, आणि त्याला कुठलं कलम लागू नाही.

बस्ता म्हणजे काय ते शहरातल्यांना सांगायला हवं. टेम्पोतून चौदा माणसं येतात. गादीवर बसतात, आधी पाणी, मग चहा. पहिली साडी नवरीच्या आईनं हातात घ्यायची. ती घेईपर्यंत मामा दुसरी उलगडत नाहीत. मग नवरीचा शालू, करवलीची साडी, दोन्हीकडच्या आज्यांना नऊवारी, आत्याला थोडी भारी कारण ती रुसते, आणि मानाच्या माणसांना टॉवेल-टोपी. आहेराच्या साड्या डझनावर. पाच तास जातात. शेवटी घासाघीस होते, ती पैशांसाठी कमी आणि सोबत आणलेल्या मोठ्या काकांचा मान राहावा म्हणून जास्त. त्यांच्यासाठी आम्ही शेवटचे पाचशे रुपये आधीच वेगळे धरलेले असतात.

नवे दर लागले ती गेल्या वर्षीची घटस्थापना होती. त्याच आठवड्यात सीना नदीला पूर आला आणि भूम-परांड्याकडचं उभं पीक गेलं. परांड्याजवळच्या एका घराचा बस्ता आमच्याकडे आधीच निघाला होता. पाच हजार इसार दिलेला, एक्केचाळीस साड्या बाजूला काढून गठ्ठा बांधलेला, वर खडूनं गावाचं नाव. दिवाळीनंतर मुलीचे वडील आले, लग्न वर्षभर पुढे ढकललंय म्हणाले, आणि इसार परत मागितला नाही. मामांनी गठ्ठा माळ्यावर नेऊन कापूर घालून ठेवला.

यंदा ३१ मार्चला मोजणी करत तिथवर आलो तेव्हा बायकोनं वहीतून मान वर करून विचारलं, हा स्टॉकमध्ये धरायचा की विक्रीत? सीए म्हणतात, बिल झालं नाही म्हणजे स्टॉकच. तिनं तसं लिहिलं. मामांनी खडू घेतला आणि पुसट झालेलं नाव पुन्हा गिरवलं.