सर्वांना शिक्षा

मी चौथीत असताना आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेची भिंत नव्याने रंगवली गेली आणि तिच्यावर ठळक निळ्या अक्षरांत ‘सर्व शिक्षा अभियान’ असे शब्द उमटले. केंद्र सरकारच्या २००१ सालच्या त्या योजनेचे नाव हिंदी होते. पण गोंगाट झाला की रांगेने अंगठे धरून ओणवे उभे राहणाऱ्या आम्हा मुलांना ते अस्सल मराठी वाटले. आजीने भिंत वाचून विचारले, ‘‘सगळ्यांनाच? केलंत तरी काय रे एवढं?’’

हिंदी आणि बंगालीत शाळेत जाणारी ही शिक्षा गुजराती, मराठी, कन्नड आणि तेलुगूत थेट कोर्टात जाऊन बसते. उलट हिंदीत शिक्षेसाठी असलेला ‘दंड’ आपल्याकडे पावती फाडून भरता येतो (आणि थोपटताही येतो, ते निराळे). समुद्रापलीकडेही हीच वाटणी आहे: थायलंडच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावात हाच शब्द मानाने बसला आहे, तर इंडोनेशियात तो ‘सिक्सा’ होऊन चक्क छळ, यातना या अर्थाला पोचला आहे. त्या मानाने आमचे गुरुजी मवाळच म्हणायचे.

मुळात ‘शिक्ष्’ हे ‘शक्’ धातूचे इच्छार्थक रूप, म्हणजे समर्थ होऊ पाहणे. सहा वेदांगांतली ‘शिक्षा’ म्हणजे उच्चारांचे शास्त्र. मग छडी आली कुठून? या दोन अर्थांमधला दुवा मला संस्कृतात नव्हे, तर गावातल्या बुद्धविहारात ऐकू येतो. तिथे पंचशील म्हणताना ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’ हे शब्द येतात, आणि त्यातले सिक्खापद (‘सिक्खा’ हे ‘शिक्षा’चेच पाली रूप) म्हणजे आपण होऊन स्वीकारलेला, स्वतःला वळण लावणारा नियम. हे वळण स्वतः लावून घेतले तर ते शिक्षण आणि दुसऱ्याने लावले तर शिक्षा, एवढाच काय तो फरक असावा. ‘थांब, चांगला धडा शिकवते’ असे म्हणणारी आई हे दोन्ही अर्थ एकाच दमात वापरते, आणि ‘सबक सिखाना’ म्हणणारे हिंदी भाषकही त्या बाबतीत आपलेच भाऊबंद ठरतात.

२०१८ साली ही योजना एका नव्या योजनेत सामावली गेली आणि पुढे भिंतीवर ‘समग्र शिक्षा’ अशी नवी अक्षरे आली. आजीने चष्मा पुसून ती सावकाश वाचली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे थोडकी सूट होती, तीही गेली.’’